बावीस अक्षरांची चुप्पी

अकरा वर्षं मी वर्गात उभी राहून पोरांना चुकीचं शिकवलं, आणि तेही केवढ्या तोऱ्यात! वरोऱ्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायची. डीएनएचा धडा आला की फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढायची, तिच्यातला बोटभर तुकडा रंगीत खडूनं भरायची आणि म्हणायची, "एवढं कामाचं. बाकी सगळी रद्दी." पोरं खुश व्हायची, कारण रद्दीवर परीक्षेत प्रश्न येत नसे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मॅडम, रद्दी हाये त पेशी ते फेकून काऊन नाई देत?" मी फाडकन म्हटलं, "तुह्या घरच्या माळ्यावर काय काय पडून हाये ते पाहून ये आधी." वर्ग हसला, मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्या पोराचा प्रश्न बरोबर होता, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

चुकीचं बोलताना माझा आवाज जास्तच चढतो, हे माझ्या घरच्यांना पाठ आहे. सासरी म्हणतात, लोकांच्या नाकावर राग असतो, हिच्या रागावर नाक आहे. याच रागापायी मी माझ्या बापाशी चार वर्षं बोलत नव्हते. बाप माजरीला, मी वरोऱ्याला. एसटीत बसलं तर पाऊण तासाचा रस्ता. चार वर्षांत मी त्या एसटीत एकदाही पाय ठेवला नाही. वर्गातली चूक आणि ही चूक, दोन्ही मला एकाच आठवड्यात कळल्या, आणि त्या आठवड्याचा धक्का अजून पुरता उतरलेला नाही.

बाबा माजरीच्या कोळसा खाणीत पंप खलाशी होते. खाणीत पाणी सारखं पाझरत असतं. ते पंपानं उपसत राहायचं, नाही तर खाण बुडते. आयुष्यभर ते त्या धडधडणाऱ्या पंपाशेजारी बसले. स्वतः सातवी शिकलेले. मी एमएस्सी झाले तेव्हा त्यांनी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगत सुटले, "माही पोरगी आता किड्यामुंग्यायची मास्तरीण झाली." मी चिडायची. "बाबा, प्राणिशास्त्र म्हणा." तर म्हणायचे, "मंग? किडे काय प्राणी नाई काय?" अशा माणसाशी मी बोलणं सोडलं होतं.

झालं ते असं. लग्नानंतर माझी दोन बाळं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी हलायचंच नाही म्हणून बजावलं, त्यामुळे बाळंतपण माहेरी न होता वरोऱ्याला सासरीच झालं. मुलगी झाली, ठणठणीत झाली. नामकरणाचा दिवस ठरला. माय चांदीचे वाळे घेऊन आली, पण एकटीच. "बाबा कुठी हायेत?" मी विचारलं. "त्याईले ड्युटी हाये," माय म्हणाली आणि पाळण्याकडे वळली. नातीच्या नामकरणाला ड्युटी! बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, पंगत बसली, आणि माझ्या चुलत सासूबाई भात कालवता कालवता म्हणाल्या, "पोरगी झाली म्हणून नाई आला वाटते आजा." बाया हसल्या. मी नाही हसले.

दुसऱ्या दिवशी माजरीचा एक ओळखीचा माणूस घरी आला होता. त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं की तुमचे बाबा तर महिनाभरापासून ड्युटीवर नाहीत, घरीच असतात. झालं! माझं डोकं फिरलं. बाबांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये फोन होता. तिथे लावला, बाबांना बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, "पोरगी झाली म्हणून नाई आले काय तुमी? खरं सांगा!" पलीकडून काहीच नाही. मी पुन्हा विचारलं, ओरडून विचारलं. नुसता श्वास ऐकू येत होता. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

ज्या माणसानं मला एवढं शिकवलं, तो माणूस साधं 'नाही'सुद्धा म्हणाला नाही. मी काय समजायचं? समजायचं ते समजले. आणि हे मी कोणाला बोलले नाही, नवऱ्याला नाही, मायलाही नाही. बापाची लाज वाटली मला. घरच्यांना एवढंच माहीत होतं की बाबा नामकरणाला आले नाहीत म्हणून ही फुगून बसली आहे. माय महिन्या-दोन महिन्यांनी यायची, नातीला खेळवून जायची. तिनं बाबांचं नाव काढलं की मी उठून आत जायची. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. राग शिळा झाला तरी मी तो गरम करकरून खात राहिले.

दोन हजार सहाच्या सुरुवातीला मी नागपूरला रिफ्रेशर कोर्सला गेले. कॉलेजातल्या मास्तरांना बढती हवी तर एकवीस दिवस पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं, तोच हा कोर्स. मुलगी चार वर्षांची झाली होती. तिला सांभाळायला माय वरोऱ्याला येऊन राहिली. पहिले दोन आठवडे आम्ही सगळे मास्तर शेवटच्या बाकांवर बसून, आमची पोरं करतात तेच करत होतो, म्हणजे डुलक्या काढत होतो. मग एका दुपारी हैदराबादहून एक बाई आल्या. सुती साडी, बारीक आवाज, आणि बोलायला लागल्यावर पाच मिनिटांत माझी झोप कुठल्या कुठे पळाली.

त्यांनी पहिलं चित्र दाखवलं ते पिटूनियाच्या जांभळ्या फुलांचं. फूल आणखी गडद व्हावं म्हणून शास्त्रज्ञांनी त्या झाडात जांभळ्या रंगाचा जीन जास्तीचा घातला. दुसरं चित्र आलं, आणि फूल पांढरंफटक! जास्तीचा रंग राहिला बाजूला, होता तोही गेला. "काऊन?" माझ्या तोंडून इतक्या मोठ्यानं निघालं की सगळा वर्ग वळून बघायला लागला. बाई हसल्या. म्हणाल्या, हाच प्रश्न त्या शास्त्रज्ञांनाही पडला होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत सांगते. डीएनए म्हणजे पेशीची पोथी. पोथीतलं एखादं पान हवं असलं की पेशी त्याची नक्कल काढते. ती नक्कल म्हणजे निरोप. हा निरोप आरएनएचा असतो, तो वाचून पेशी प्रथिन बनवते. इथवर मीही शिकवत होते. पण पेशीत बारके बारके आरएनए आणखी असतात, फार तर बावीस-तेवीस अक्षरांचे. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून आम्ही त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. हे बारके तुकडे निघालेल्या निरोपाला जाऊन चिकटतात, जिथे अक्षरं जुळतात तिथे. चिकटले की तो निरोप वाचलाच जात नाही, कधी कधी तिथल्या तिथे फाडला जातो. जीन शाबूत, निरोपही रवाना झालेला, पण वाचणाऱ्यापर्यंत तो पोचत नाही. फुलाच्या रंगाचंही तेच झालं होतं. बाई याला 'जीनला गप्प करणं' म्हणाल्या. मी वहीत आमच्या भाषेत लिहिलं: चूप!

"आणि हे कशासाठी?" बाई म्हणाल्या, "तर पेशीनं किती वाढायचं, केव्हा थांबायचं, केव्हा मरायचं, हे ठरवण्यासाठी." त्यांनी एका मिलिमीटरएवढ्या किड्याची गोष्ट सांगितली. त्याच्यातला असा एकच बारका आरएनए बिघडला तर त्याच्या पेशींना मोठं व्हायचं कळतच नाही. लहानपणीचंच काम त्या पुन्हा पुन्हा करत बसतात. म्हणजे पहिलीत नापास होणारं पोर जन्मभर पहिलीतच! आणि असले आरएनए किड्यात आहेत, झाडात आहेत, माणसात तर शेकड्यांनी आहेत. कुठे? मी जिला खडूचासुद्धा मान दिला नाही त्या रद्दीत. माय वो! माझे कान तापले. अकरा बॅचेसची पोरं माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

शेवटी त्यांनी एका रोगाचं सांगितलं. रक्ताचा कॅन्सर, पण संथ, उतारवयात होणारा. यात पांढऱ्या पेशी वाढत जातात. अशा पुष्कळ रोग्यांच्या तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडाच गायब असतो. त्या तुकड्यात कोणता जीन होता, हे लोक वर्षानुवर्षं शोधत होते आणि काहीच सापडत नव्हतं. शेवटी सापडले ते दोन बारके आरएनए. पेशीत एक जीन असतो, तो पेशीला 'मरू नको, मरू नको' म्हणत असतो. हे दोघे त्याला आवरून धरतात. हे दोघे गेले की त्याला मोकळं रान, आणि पांढऱ्या पेशी मरायचंच विसरतात. त्या साचत जातात. मानेत, काखेत गाठी येतात, माणूस थकत जातो, साधा ताप आला तरी लवकर उतरत नाही.

चहाच्या सुट्टीत मी बाईंना गाठलं. म्हटलं, "मॅडम, मी तर याला अकरा वर्षं रद्दी म्हणून शिकवत आले." त्या कपात बिस्कीट बुडवत म्हणाल्या, "मीही शिकवलं. सगळ्यांनीच शिकवलं." त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्याला आपण कधी विचारलंच नाही, तो सगळं सांभाळत होता, हे पचायला जड होतं.

शुक्रवारी दुपारी मी वरोऱ्याला परतले. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, मुलगी तिच्या मांडीला टेकून कोवळे दाणे तोंडात टाकत होती, आणि नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. माझ्या पोटात नवी विद्या मावत नव्हती. नवऱ्याला असल्या गोष्टींचा कंटाळा, मग मी मायपुढेच बसकण मारली आणि सुरू झाले. फूल सांगितलं, किडा सांगितला. माय शेंगा सोलत हूं हूं करत होती. मग मी म्हटलं, "अन् माय, आयक. एक रक्ताची बिमारी असते. पांढऱ्या पेशी मरतच नाईत, नुसत्या जमा होऊन राह्यते. मानेत गाठी येते मान्साच्या."

मायचे हात थांबले.

"मंग त्याचं औषध निघालं काय?" तिनं विचारलं.

"कशाचं?"

"त्या पांढऱ्या पेशीचं. आता तूच त सांगून राह्यली. ते गोळ्या काई पावून नाई राह्यल्या आता. मले वाटलं जावईबापूनं सांगतलं असन तुले, म्हणून एकवीस दिवस त्याचंच शिकाले गेलती तू."

मला काही कळेना. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं पेपर खाली घेतला नाही, आणखी वर घेतला.

"कोणाले हाये?" मी विचारलं. मायनं दुसरी शेंग उचलली. आणि माझी चार वर्षांची पोरगी, तोंडात तुरीचे दाणे घेऊन म्हणाली, "आजोबाच्या गळ्यात बोरं हायेत. मी हात लावून पाह्यले. तू नागपूरले होती तवा आजी घेऊन गेलती मले."

पुढची दहा मिनिटं मी काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. शेंगांचं सूप लाथेनं उडालं एवढं आठवतं, आणि पोरगी रडायला लागली म्हणून नवरा तिला घेऊन गल्लीत गेला. जाताना दारातून एवढंच म्हणाला, "तुझ्या आईनं शपथ घातली होती मला." म्हणजे यालाही माहीत! कधीपासून? तर मी पोटुशी होते तेव्हापासून. म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ हा माणूस माझ्यासोबत एका ताटात जेवत होता आणि तोंडातून एक अक्षर नाही.

"माय, काऊन?" मी म्हटलं.

माय दाणे वेचता वेचता बोलत होती, माझ्याकडे न बघता. "दोन गेल्ते तुहे. तिसरं पोटात होतं अन् तवाच डाक्टरनं बापाचं सांगतलं. पोटुशीले असली खबर सांगते काय कोनी? पोटातल्याले धक्का बसते."

"अन् बाळंत झाल्यावर?"

"बाळंतिणीले सांगतलं त दूध आटते."

"दूध तुटल्यावर? मंग काय आटणार होतं माहं?"

तिनं वेचलेले दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "मंग तुह्या बापानंच नको म्हटलं. म्हने, पोरगी शिकलेली हाये. बिमारीचं नाव समजलं त ते पुस्तक उघडीन, अन् माहे किती दिवस राह्यले ते पाहीन. मंग तो आकडा डोक्यात घेऊन जगन. आपल्याले इंग्रजी वाचता येत नाई, आपलं बरं हाये. तिले नको सांगू."

नामकरणाच्या दिवशी बाबांना ताप होता. अंगात ताप घेऊन कोवळ्या लेकराजवळ जाऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून ते आले नव्हते. शेजारीपाजारी, सगळी कॉलनी, माझा नवरा, माझी चार वर्षांची मुलगी, सगळ्यांना त्या गाठी ठाऊक होत्या. त्या अख्ख्या गोतावळ्यात ज्या एका माणसाला त्या रोगाचं नाव वाचून काही कळलं असतं, नेमकं त्याच माणसाला कोणी सांगितलं नव्हतं. मला रडूही येईना. मी भिंतीला टेकून नुसती बसून राहिले.

आणि तरीही, खरं सांगते, मनात तो काटा होताच. ताप होता, ठीक आहे. मग फोनवर का नाही बोललात? मी स्पष्ट विचारलं होतं की.

सकाळी एसटी धरण्याआधी मी कॉलेजात गेले. आमच्या ग्रंथालयात कोणीतरी दान दिलेलं वैद्यकीचं एक जाडजूड पुस्तक होतं. मायनं पिशवीतून काढून दिलेल्या डॉक्टरच्या कागदावरचं रोगाचं नाव मी त्यात शोधलं. नाव सापडलं, खाली वर्णन सापडलं, आणि त्याच्याखाली वर्षांचे आकडे सापडले. रोगाच्या पहिल्या पायरीवर माणूस इतकी वर्षं जगतो, पुढच्या पायरीवर इतकी. बाबांच्या कागदावरची पायरी पुढची होती. त्या आकड्यातली बहुतेक वर्षं मी रुसून बसण्यात संपली होती. मी पुस्तक मिटलं आणि बसस्टँडवर आले.

माजरीला उतरले तेव्हा रस्त्यावरून कोळशाचे ट्रक चालले होते, आणि माझ्या पांढऱ्या साडीचं त्या धुळीत व्हायचं ते झालं. नोकरी सुटल्यावर माय-बाबा क्वार्टर सोडून बस्तीतल्या दोन खोल्यांत राहायला आले होते. मी ते घर कधी पाहिलंच नव्हतं, एका पोराला विचारत विचारत गेले. बाबा ओट्यावर उन्हात बसले होते, गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून. एवढे वाळलेले, की आधी मला ते दुसरेच कोणी वाटले. रस्ताभर ठरवलं होतं की पाया पडायचं, शांतपणे बोलायचं. कुठलं काय! मी कवाडापासूनच सुरू झाले. "बाबा, चार वर्सं! साऱ्या गावाले सांगतलं अन् मले..."

त्यांनी तळहात कानामागे धरला. "आं? कोन, तू काय? ये, ये. जवळ येऊन बोल माय, मले ऐकू नाई येत."

"केव्हापासून?"

"आं?"

मी समोर जाऊन बसले आणि पुन्हा विचारलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "गंज वर्सं झाले, मोजले नाई. पंपानं खाल्ले माहे कान. पन मानूस समोर असलं त ओठ पाहून समजते मले. कोनाले पत्ता नाई लागत."

"अन् फोनवर?"

"फोनवर काय समजते? नुसती घरघर येते."

मी म्हटलं, "नामकरणाच्या वक्ती मी फोन केलता. मी काय विचारलं होतं तुमाले?"

"ते कोनाले माहीत बाप्पा. तू रागात होती एवढं समजलं. म्हटलं, आपून गेलो नाई, पोरगी चिडली, बरोबर हाये तिचं. आता मी बोलाले गेलो अन् तोंडातून बिमारीचं निंगून गेलं त? तुहं दूध आटलं असतं. म्हणून चूप राह्यलो अन् ठेवून देल्ला फोन." मग त्यांनी विचारलं, "काऊन? काय विचारलं होतं तू?"

मी सांगितलं. एकेक शब्द ओठ हलवून सांगितला. पोरगी झाली म्हणून नाई आले काय.

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग म्हणाले, "हे? चार वर्सं तू हे घेऊन बसली होती? माह्याबद्दल?" मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, हंबरडा फोडून रडले, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून ते माझ्या पाठीवर हात ठेवून कळत होतं तेवढं कळून घेत होते. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नाही.

मग त्यांनीच उठून चहा ठेवला. मला उठू दिलं नाही. कप हातात देऊन विचारलं, "तुले कसं समजलं आता?" मी नागपूरचं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "मले बी सांग ते. मास्तरीण हायेस नं." मग मी ओट्यावर बसून, ओठ नीट हलवत, बापाला तो धडा शिकवला. पेशीत एक 'मरू नको' म्हणणारा असतो, आणि त्याला चूप करणारे दोन बारके असतात. म्हटलं, तुमच्यात तेच झालं असन असंच काई नाई, तशी तपासणी इथी होत नाई, आणि त्याच्यावर औषध तर कुठीच नाई निघालं अजून.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे चूप करणारे पळून गेले. पेशी मराले तयार नाई, म्हणून मानूस मरून राह्यलं. काय तमाशा हाये बाप्पा!" आणि हसले. मीही हसले. चार वर्षांनी आम्ही दोघं एकत्र हसलो.

हसता हसता ते थांबले. कप खाली ठेवला.

"पुस्तकात पाह्यलं काय तू?"

"काय?"

"माहे किती राह्यले ते."

आकडा माझ्या डोळ्यांपुढे होता. पानाचा नंबरसुद्धा होता. "नाई," मी म्हटलं.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. नीट समजलं नसावं, म्हणून मी आणखी पुढे सरकले, आणि प्रत्येक अक्षर सुटं करून, मोठ्यानं म्हटलं, "तसं काईच लिहून नसते बाबा पुस्तकात."